वाचक विचारतात : विल्यम वायलर, एक फ्रेम आणि चाळीस टेक

या वेळची बहुतेक पत्रं एकाच माणसाभोवती फिरणारी आहेत : हॉलिवूडच्या स्टुडिओ-काळातला दिग्दर्शक विल्यम वायलर (१९०२–१९८१). उत्तरं थोडी विस्ताराने देतो आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : ‘रोमन हॉलिडे’, ‘बेन-हर’ आणि ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ एकाच दिग्दर्शकाचे आहेत हे वाचून चकित झालो. तिन्हींत काहीच सारखं दिसत नाही. वायलरला स्वतःची शैली नव्हती, असं म्हणतात ते खरं का? (नागपूर)

असं म्हणणाऱ्यांत मोठी नावं आहेत. अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ मध्ये दिग्दर्शकांची जी प्रतवारी केली, तिच्यात वायलर ‘दिसतो त्याहून कमी’ अशा रकान्यात बसवला आहे. त्याच्या वीस वर्षं आधी, १९४८ मध्ये, फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी याच माणसावर एक दीर्घ निबंध लिहून नेमकं उलट मत मांडलं होतं. आमचा कौल बाझँच्या बाजूने. मात्र त्यासाठी एक प्रसंग थांबून पाहावा लागतो.

‘बेस्ट इयर्स’ (१९४६) ही महायुद्धाहून गावी परतलेल्या तिघांची गोष्ट. बँकेतला अ‍ॅल, विमानदळातला फ्रेड आणि दोन्ही हात गमावलेला खलाशी होमर. विवाहित फ्रेड अ‍ॅलच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि अ‍ॅल त्याला बुचच्या बारमध्ये गाठून हे संपव म्हणून सांगतो. फ्रेड उठतो आणि दाराजवळच्या टेलिफोन बूथमध्ये शिरतो. तेवढ्यात होमर येतो, आणि आपण हातांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आकड्यांनी पियानो वाजवायला कसे शिकलो ते अ‍ॅलला दाखवू लागतो. फ्रेमच्या पुढच्या भागात पियानो, होमर आणि बुच. जवळच टेकून उभा असलेला अ‍ॅल. आणि पार मागे, डाव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या बूथमध्ये फ्रेड. सिनेमातली त्या क्षणाची खरी घटना तिथे घडते आहे, पण फ्रेडचा एक शब्दही आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो पियानो. अ‍ॅल अधूनमधून मान वळवतो, दोनदा त्याचा छोटा क्लोजअपही येतो, म्हणजे आपण मागे बघायला विसरू नये. फ्रेडचा क्लोजअप मात्र शेवटपर्यंत नाही.

दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने इथे किमान सहा कट मारले असते : बूथ, चेहरा, रिसीव्हर, पलीकडची मुलगी, पुन्हा चेहरा, अ‍ॅल. वायलर दोन्ही गोष्टी एका चौकटीत ठेवतो आणि कुठे बघायचं ते प्रेक्षकावर सोपवतो. ही सवय म्हणजेच त्याची शैली. ती कॅमेऱ्याच्या करामतीत नसून माणसं कुठे उभी केली आहेत यात असल्याने पटकन नजरेत भरत नाही, एवढंच.

प्रश्न : त्याच्या सिनेमात जवळचा आणि लांबचा माणूस एकाच वेळी स्पष्ट दिसतो. १९४०च्या कॅमेऱ्याने हे कसं साधलं? कृपया आकड्यांसह सांगा. (कोल्हापूर)

याचं अर्धं श्रेय छायालेखक ग्रेग टोलंडचं. ‘दीज थ्री’ (१९३६) पासून ‘बेस्ट इयर्स’पर्यंत वायलरचे बहुतेक महत्त्वाचे सिनेमे त्याने टिपले, आणि ‘वदरिंग हाइट्स’च्या (१९३९) छायालेखनासाठी त्याला ऑस्करही मिळालं.

हिशेब असा. ३५ मिलिमीटर फिल्मवर ५० मिलिमीटरची लेन्स लावा, ऍपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) एफ २.८ ठेवा आणि तीन मीटरवरच्या माणसावर फोकस करा. साधारण पावणेतीन मीटरपासून सव्वातीन मीटरच्या थोडं पुढेपर्यंत स्पष्ट दिसेल, म्हणजे उणापुरा अर्धा मीटर. आता लेन्स २४ मिलिमीटरची घ्या, ऍपर्चर एफ ८ करा, फोकस तीन मीटरवरच राहू द्या. स्पष्टता दीड मीटरपासून सुरू होते आणि क्षितिजापर्यंत जाते.

मग सगळे असं का करत नव्हते? कारण एफ २.८ वरून एफ ८ म्हणजे तीन स्टॉप, आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. तेवढंच चित्र उजळायचं तर आठपट प्रकाश हवा. एफ ११ ला सोळापट. तो फक्त पुढच्या माणसावर टाकूनही भागत नाही. दहा मीटरवरच्या माणसालाही तसाच उजळावा लागतो, तोही पुढच्याची सावली मागच्यावर न पडू देता. सेट भट्टीसारखा तापतो. १९३८च्या सुमारास आलेली अधिक जलद फिल्म आणि लेन्सच्या काचेवरचा परावर्तन कमी करणारा लेप, या दोन गोष्टींनी टोलंडचं काम थोडं हलकं केलं.

रुंद लेन्सची स्वतःची दुखणीही आहेत. चौकटीत छत येतं, म्हणून वरून दिवे टांगता येत नाहीत. माणूस लेन्सच्या फार जवळ आला तर नाक मोठं दिसतं. आणि मागचा नट जमिनीवरच्या ठरलेल्या खुणेवरून वीतभर सरकला तरी पुढच्याच्या डोक्याआड जातो.

पण ‘सगळं स्पष्ट’ हा वायलरचा नियम नव्हता. ‘द लिटल फॉक्सेस’ (१९४१) मधला मृत्यूचा प्रसंग पाहा. हृदयविकाराने खंगलेल्या होरेसच्या हातून औषधाची बाटली फुटते. दुसरी वरच्या मजल्यावर आहे. बायको रेजिना, म्हणजे बेटी डेव्हिस, जागची हलत नाही, कारण तो मेला तर तिला हवाच आहे. तो चाकाच्या खुर्चीतून उठतो, भिंत धरत तिच्या पाठीमागून जिन्यापाशी पोचतो आणि पायऱ्यांवर कोसळतो. या अख्ख्या वेळात फोकस रेजिनाच्या चेहऱ्यावर. जिना धूसर. टोलंडला तो लख्ख दाखवता आला नसता, असं मुळीच नाही. पण जे पाहायला आपण धडपडतो तेच नीट दिसू नये, आणि जिच्याकडे पाहवत नाही ती बाई डोळ्यांसमोरून हलू नये, हा डाव आहे. त्यामागे एक व्यावहारिक सोयही होती. होरेस झालेला हर्बर्ट मार्शल पहिल्या महायुद्धात पाय गमावलेला नट होता आणि लाकडी पाय वापरायचा. तो चालत क्षणभर चौकटीबाहेर जातो आणि जिन्यावर दिसतो तो त्याचा डबल, म्हणजे त्याच्याऐवजी उभा केलेला दुसरा माणूस. धूसरपणामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : वायलर एकेका शॉटचे चाळीस-चाळीस टेक घ्यायचा म्हणे. नटांना तो नक्की काय सांगायचा? (पुणे)

फारसं काहीच नाही, आणि तक्रार होती ती हीच. ‘पुन्हा’ एवढंच. काय चुकलं ते सांगणं नाही, काय हवं ते सांगणं नाही. ‘फॉर्टी-टेक वायलर’ हे नाव त्यातूनच पडलं.

यामागचं कारण पहिल्या उत्तरातच आहे. प्रसंग तुकड्यांत चित्रित केला की एका टेकमधला चांगला चेहरा आणि दुसऱ्यातलं चांगलं वाक्य संकलनात जोडता येतं. तीन माणसं एकाच चौकटीत, दोन मिनिटांच्या सलग शॉटमध्ये असतील तर जोडाजोडीला जागा उरत नाही. तिघांचंही एकाच वेळी जमायला हवं, शिवाय फोकस आणि खुणाही. नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की इथे तालीमही फिल्म खात होती. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट जाते. एक मिनिटाचा शॉट, चाळीस टेक, म्हणजे ३,६०० फूट. हजार फुटांची साडेतीनहून जास्त रिळं एका मिनिटासाठी! निर्माते उगाच दातओठ खात नव्हते.

‘जेझबेल’ (१९३८) मधली बेटी डेव्हिसची पहिली एंट्री प्रसिद्ध आहे. घोड्यावरून उतरून, हातातल्या चाबकाने घोळदार झग्याची मागची बाजू उचलत ती घरात शिरते. एवढ्याशा हालचालीला चाळीसच्या वर टेक झाले. ती चिडली. पण नंतर रशेस, म्हणजे चित्रीकरणाचे कच्चे तुकडे, पाहताना तिलाच फरक दिसला. थकल्यावर तिचा ‘अभिनय’ गळून पडला होता आणि उरली होती नुसती सवय. त्या भूमिकेला तिला ऑस्कर मिळालं. वायलरच्या सिनेमांतल्या नटांना मिळालेली ऑस्कर एकूण चौदा आहेत.

मात्र प्रत्येक वेळी दोष नटाचाच होता असं समजू नका. ‘द एअरेस’ (१९४९) मध्ये प्रियकराने फसवलेली ऑलिव्हिया डी हॅविलंड बॅग घेऊन जिना चढते. टेकवर टेक, पण पसंत पडेना. शेवटी वैतागून तिने बॅग भिरकावली, आणि ती रिकामी असल्याचं वायलरच्या ध्यानात आलं. त्याने बॅगेत जड पुस्तकं भरायला लावली. पुढचा टेक पडद्यावर आहे. खांदा एका बाजूला ओढला गेलेला, दुसरा हात कठड्यावर, पाय पायरीगणिक जड. नुसतं ‘थकलेली दिस’ म्हणून हे जमलं नसतं.

प्रश्न : तो युनिव्हर्सल स्टुडिओच्या मालकाचा नातेवाईक होता ना? मग वशिल्याचं तट्टूच की! (सातारा)

सुरुवात वशिल्याने झाली, हे उघड आहे. त्याचा जन्म १ जुलै १९०२ चा, आल्सेसमधल्या म्युलूझचा. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. वडील स्विस. आई युनिव्हर्सलचे मालक कार्ल लेमले यांची चुलत बहीण लागत असे. लेमलेंनी १९२० मध्ये त्याला अमेरिकेत आणलं. आधी न्यूयॉर्कच्या कचेरीत, मग कॅलिफोर्नियात पडेल ते काम. लेमलेंचे नातेवाईक स्टुडिओत इतके होते की तो चेष्टेचाच विषय होता.

पण १९२५ पासून त्याने दोन रिळांचे, म्हणजे वीसेक मिनिटांचे वेस्टर्न डझनांनी काढले. दर काही दिवसांनी एक. माणूस घोड्यावर चढतो, हे किती तऱ्हांनी दाखवता येतं ते तो तिथे शिकला. १९३५च्या सुमारास तो युनिव्हर्सल सोडून निर्माता सॅम गोल्डविनकडे गेला, आणि त्याचं मोठं काम तिथून सुरू होतं. दिग्दर्शनासाठी बारा ऑस्कर नामांकनं (हा उच्चांक अजून मोडलेला नाही) आणि ‘मिसेस मिनिव्हर’, ‘बेस्ट इयर्स’ व ‘बेन-हर’साठी तीन पुरस्कार. मामाचा स्टुडिओ सोडल्यावरचंच हे सगळं आहे.

प्रश्न : युद्धात त्याचे कान गेले, हे खरं का? मग पुढे बोलपट कसे काढले? (पणजी)

खरं आहे. तो अमेरिकेच्या लष्करी विमानदळात मेजर होता. आधी ‘मेम्फिस बेल’ (१९४४) हा माहितीपट केला. त्यासाठी बी-१७ बॉम्बफेकी विमानांत बसून, १६ मिलिमीटरच्या हातातल्या कॅमेऱ्यांनी, शत्रूच्या हद्दीवरून रंगीत चित्रण केलं. आत ध्वनिमुद्रण शक्यच नव्हतं, तेव्हा वैमानिकांचं बोलणं नंतर हॉलिवूडमध्ये भरलं. त्याच्या तुकडीतला ध्वनितंत्रज्ञ हॅरल्ड टॅनेनबॉम अशाच एका मोहिमेत मारला गेला. १९४५ मध्ये इटलीवर बी-२५ विमानातून दुसऱ्या माहितीपटाचं चित्रण करताना इंजिनांच्या गर्जनेने वायलरची श्रवणशक्ती गेली. पुढे एका कानाचं थोडंफार परतलं.

‘बेस्ट इयर्स’च्या वेळी तो कॅमेऱ्याखाली बसून, ध्वनियंत्रणेला जोडलेला ऍम्प्लिफायर आणि हेडफोन लावून संवाद ऐकायचा. याचा एक अनपेक्षित फायदा झाला असावा असं आम्हांला वाटतं. मायक्रोफोनला जे ऐकू येतं तेवढंच त्याला ऐकू येत होतं, म्हणजे प्रेक्षकाला येईल तेवढंच.

युद्धाने त्याला खोटं ओळखायला शिकवलं, हे त्या सिनेमात जागोजाग दिसतं. नटांचे कपडे शिवून न घेता दुकानातून तयार आणले आणि चित्रीकरणाआधी त्यांना वापरायला लावले. घरांचे सेट खऱ्या खोल्यांच्या मापाचे. होमरच्या भूमिकेतला हॅरल्ड रसेल हा खरोखरच दोन्ही हात गमावलेला सैनिक. लष्करात प्रशिक्षण देताना स्फोट होऊन हात गेले होते. गोल्डविनने त्याला अभिनयाच्या शिकवणीला धाडलं, वायलरने ती ताबडतोब बंद करवली. रसेलला एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाली : एक सहायक अभिनेत्याचं, एक विशेष.

प्रश्न : ‘बेन-हर’च्या रथांच्या शर्यतीत एक स्टंटमन खरंच मेला आणि तो शॉट सिनेमात ठेवला, असं ऐकत आलोय. (औरंगाबाद, इंदूर)

नाही. १९५९च्या त्या शर्यतीत कुणी दगावलं नाही. ही कथा उठली ती एका खऱ्या अपघातावरून. चार्ल्टन हेस्टनचा डबल जो कनट याचा रथ मोडक्या रथांवरून उडाला आणि तो पुढे फेकला गेला. त्याने रथाचा पुढचा भाग धरून ठेवला म्हणून वाचला. हनुवटीला जखम झाली, बस. शॉट इतका जबर होता की तो ठेवला, आणि हेस्टन धडपडत रथात परत चढतो असा जवळचा शॉट घेऊन जोडला. १९२५च्या मूकपटाची गोष्ट वेगळी. त्याच्या चित्रीकरणात घोडे मेले, आणि रोममध्ये एक स्टंटमनही गेला. दोन सिनेमांच्या कथा लोकांनी एकत्र कालवल्या आहेत. गंमत अशी की त्या मूकपटाच्या शर्यतीच्या दिवशी गर्दी सांभाळणाऱ्या साहाय्यकांत तरुण वायलर होता.

आणखी एक. १९५९ची शर्यत वायलरने स्वतः चित्रित केलेली नाही. ती अँड्र्यू मार्टन आणि स्टंटचे उस्ताद याकिमा कनट (जोचे वडील) यांनी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत केली.

वायलरची पंचाईत दुसरीकडेच होती. सिनेमा ६५ मिलिमीटर फिल्मवर, उंचीच्या २.७६ पट रुंद चौकटीत होता. मोठ्या फिल्मला तेवढंच दृश्य टिपायला लांब लेन्स लागते, आणि लांब लेन्स म्हणजे उथळ फोकस. वरचे आकडे आठवा. शिवाय एवढ्या रुंदीत दोन माणसं बोलताना उरलेल्या जागेचं काय करायचं? त्याचं हुकमी शस्त्रच काढून घेतलं गेलं. अकरा ऑस्कर मिळूनही ‘बेन-हर’मधले खोल्यांतले प्रसंग ताठर वाटतात, ते आमच्या मते यामुळे.

प्रश्न : ‘रोमन हॉलिडे’च्या लेखकाचं नाव वेगवेगळ्या प्रतींत वेगळं का? (ठाणे)

मूळ कथा पटकथाकार डाल्टन ट्रम्बोची. कम्युनिस्ट ठरवून त्याला हॉलिवूडच्या काळ्या यादीत टाकल्याने, म्हणजे स्वतःच्या नावाने काम मिळणं बंद झाल्याने, १९५३ मध्ये नाव गेलं ते मित्र इयान मॅकलेलन हंटरचं, आणि कथेचं ऑस्करही हंटरला. ट्रम्बो १९७६ मध्ये वारला. १९९३ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ते ऑस्कर त्याच्या पत्नीला दिलं, आणि २०११ मध्ये लेखक संघटनेने श्रेयनामावली दुरुस्त केली. जुन्या प्रतींत कथेच्या श्रेयात हंटर एकटा दिसतो तो यामुळे.

याच सिनेमात, खोटं बोलणाऱ्याचा हात तोडतं अशी दंतकथा असलेल्या दगडी तोंडात हात घालण्याचा प्रसंग आहे. ग्रेगरी पेकने हात अस्तनीत लपवायचं आधी वायलरला सांगितलं होतं, ऑड्री हेपबर्नला नाही. तिची किंकाळी खरी. चाळीस टेकवाल्याने पहिलाच टेक ठेवला!

प्रश्न : आमचा एकांकिका करणारा गट मोबाइलवर लघुपट करतोय. वायलरसारखा एकाच शॉटचा प्रसंग करायचा आहे. काय काळजी घ्यावी? (रत्नागिरी)

मोबाइलचा सेन्सर छोटा, म्हणून टोलंडला ज्यासाठी आठपट दिवे लागत ते तुम्हाला जवळजवळ फुकट मिळतं. पोर्ट्रेट किंवा सिनेमॅटिक मोड बंद करा, ते मागचं मुद्दाम धूसर करतात. मुख्य लेन्सच वापरा, झूम नको. फोकस तीन-साडेतीन मीटरवर ठेवून लॉक करा आणि पुढचा नट लेन्सपासून दोन मीटरच्या आत येऊ देऊ नका. प्रत्येक फोनचं माप थोडं वेगळं, तेव्हा आधी चाचणी घेऊन मोठ्या पडद्यावर पाहा. फोनच्या पडद्यावर सगळंच स्पष्ट वाटतं.

एक्स्पोजरही (चित्र किती उजळ दिसावं ते) लॉक हवंच. नाहीतर पांढरा शर्ट घातलेला कुणी पुढून गेला की फोन अख्खी खोली काळवंडून टाकतो.

बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. मागचा माणूस अंधारात राहतो : त्याच्यासाठी वेगळा दिवा लावा, तो दारात किंवा खिडकीपाशी असेल तर फारच उत्तम. डोकी एकमेकांआड जातात : जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खुणा करा, आणि कॅमेरा छातीच्या उंचीवरून थोडा वर घेऊन पाहा. आवाज : आठ मीटरवरचं बोलणं फोनचा माइक पकडत नाही. प्रत्येकाला कॉलर माइक द्या, किंवा बुचच्या बारसारखं मागचं बोलणं ऐकूच येणार नाही अशी रचना करा. चौथं म्हणजे पुढच्याचा अभिनय. नाटकाच्या सवयीने पुढचा नट जागा भरत राहतो आणि प्रेक्षकाची नजर मागे जातच नाही. त्याला हाताला काहीतरी काम द्या : भाजी निवडणं, सायकलची चेन बसवणं, काहीही. आणि एकदा, फक्त एकदाच, त्याला मागे वळून पाहायला सांगा.